विश्लेषण : कापडी पिशवी किती वेळा वापरली की ‘पर्यावरणपूरक’ ठरते? वसई-विरारसाठी हा हिशेब का महत्त्वाचा?

महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी घातली. तरीही पातळ पिशवी बाजारातून पूर्णपणे गेलेली नाही. वसई-विरारमध्ये तर या पिशवीचे आयुष्य सुरुवातीपासून शेवटापर्यंत पाहायला मिळते. वालीव, सातिवली, गोखिवरे भागांतल्या औद्योगिक गाळ्यांत प्लास्टिकच्या वस्तू बनतात, स्टेशनबाहेरच्या बाजारात पिशव्या वापरल्या जातात आणि पावसाळ्यात त्याच नाल्यांत अडकतात. अशा वस्तूवर बंदी घालावी, कर लावावा की तिची जाडी वाढवावी, हे सरकार कोणत्या आधारावर ठरवते? त्यासाठी वस्तूचा ‘जन्मापासून मृत्यूपर्यंत’चा हिशेब मांडणारी प्रारूपे वापरली जातात. हा हिशेब कसा होतो आणि त्यात काय सुटते, याचा आढावा.

वस्तूचा ‘जन्म ते मृत्यू’ हिशेब म्हणजे काय?

या पद्धतीला जीवनचक्र मूल्यमापन किंवा ‘लाइफ सायकल असेसमेंट’ म्हणतात. कच्चा माल काढण्यापासून कारखाना, वाहतूक, वापर आणि शेवटी कचराभूमी किंवा पुनर्वापर अशा प्रत्येक टप्प्यावर किती ऊर्जा, पाणी, रसायने लागली आणि किती प्रदूषण झाले, याची बेरीज केली जाते. १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने अमेरिकेतील एका संशोधन संस्थेकडून शीतपेयाच्या वेगवेगळ्या वेष्टनांची अशी तुलना करून घेतली. ती या पद्धतीची सुरुवात मानली जाते. आज आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही त्यासाठीची आंतरराष्ट्रीय मानके आहेत.

यातली पहिली अट म्हणजे तुलना ‘कामा’ची करायची, वस्तूची नाही. एका प्लास्टिक पिशवीसमोर एक कापडी पिशवी ठेवून काहीच कळत नाही. ‘महिनाभराचा बाजार घरी आणणे’ हे काम धरले, तर त्यासाठी किती प्लास्टिक पिशव्या लागतील आणि कापडी पिशवीच्या आयुष्याचा किती हिस्सा खर्च होईल, हे पाहता येते.

मग कापडी पिशवी किती वेळा वापरावी लागते?

ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीइतका हवामानावरील परिणाम खाली आणायचा, तर कागदी पिशवी ३ वेळा, जाड प्लास्टिकची पिशवी ४ वेळा, नॉन-वोव्हन पिशवी ११ वेळा आणि सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. काही पातळ पिशव्या घरी कचऱ्याच्या डब्यात लावल्या जातात, असे धरले की सुती पिशवीचा आकडा १७३ वर जातो. कारण तेव्हा डब्यासाठी वेगळी पिशवी विकत घ्यावी लागत नाही आणि त्याचे श्रेय पातळ पिशवीला मिळते.

आठवड्यातून दोनदा बाजाराला जाणाऱ्या घरात १३१ वेळा वापर म्हणजे साधारण सव्वा वर्ष. शिवण न उसवता कापडी पिशवी सहज तेवढी टिकते. मात्र प्रत्येक खरेदीला नवी कापडी पिशवी घेतली किंवा समारंभात वाटलेल्या पिशव्या कपाटात पडून राहिल्या, तर हिशेब उलटा होतो. कापूस पिकवायला पाणी, खत, कीटकनाशके लागतात. वसईच्या दुकानातल्या सुती पिशवीचा हा भार प्रत्यक्षात कुठल्या तरी कापूस पट्ट्यातले शेत उचलत असते.

७,१०० चा आकडा कुठून आला?

डेन्मार्कच्या पर्यावरण संस्थेने २०१८ मध्ये असाच अभ्यास केला. त्यातला ‘सुती पिशवी ७,१०० वेळा वापरावी लागते’ हा आकडा जगभर फिरला. रोज एकदा वापरली तरी हे साडेएकोणीस वर्षांचे काम झाले. पण त्याच अहवालात केवळ हवामान बदलाचा निकष लावला, तर सुती पिशवीसाठी आकडा ५२ आहे. म्हणजे आठवड्यातून एकदा वापरली तर एक वर्ष.

एकाच पिशवीचे दोन आकडे इतके वेगळे कसे? अभ्यासात अनेक निकष होते आणि ७,१०० हा आकडा सर्वात वाईट ठरलेल्या निकषावरून, म्हणजे ओझोन थरावरील परिणामावरून आला. कोणत्या निकषाला किती वजन द्यायचे हे गणित ठरवत नाही, माणसे ठरवतात. त्यामुळे असा आकडा समोर आला की पहिला प्रश्न विचारायचा, ‘कोणत्या निकषावर?’ दुसरा, ‘कशाच्या तुलनेत?’

या अभ्यासांत काय मोजलेच गेले नाही?

वसई-विरारसाठी हाच मुद्दा कळीचा आहे. उघड्यावर पडलेल्या पिशवीमुळे होणारे नुकसान या दोन्ही अभ्यासांच्या आकड्यांत धरलेले नाही. जिथे जवळपास सगळा कचरा गोळा होऊन जाळला किंवा पुरला जातो, तिथे ही बाजू सोडून देणे चालून जाते. सखल भाग, खाड्या, मिठागरे आणि भरतीच्या वेळी तुंबणारे नाले असलेल्या शहरात ते चालत नाही.

२००५ मध्ये २६ जुलैच्या महापुरानंतर नाल्यांत अडकलेल्या पिशव्यांचा मुद्दा ऐरणीवर आला आणि महाराष्ट्राने पुढच्याच वर्षी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्यांवर निर्बंध आणले. जुलै २०१८ मध्ये वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून पश्चिम रेल्वेची विरारकडची वाहतूक बंद पडली. पुराला केवळ पिशवी जबाबदार नसते. भराव, बुजलेले नैसर्गिक प्रवाह, अतिवृष्टी आणि भरती ही त्याची मोठी कारणे आहेत. पण नाल्याचे तोंड अडले की या प्रत्येक कारणाचा परिणाम वाढतो. काही ग्रॅमच्या पिशवीचा कार्बन भार नगण्य असतो, नालेसफाईचा खर्च, घरात शिरलेले पाणी आणि बुडालेला रोजगार मात्र नगण्य नसतो. पाचूबंदर, नायगाव, अर्नाळ्याच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येणारे प्लास्टिकही याच रकान्यात मोडते.

उलट, फक्त नाल्याकडे पाहून धोरण आखले तर कापसाचे पाणी आणि कागदासाठी लागणारी ऊर्जा हिशेबाबाहेर राहते. एक रकाना सुटला की उत्तर बदलते, ते असे.

आर्थिक परिणाम कसे मोजतात?

त्यासाठी ‘इनपुट-आउटपुट’ सारणी वापरतात. अर्थतज्ज्ञ वासिली लिऑन्टिफ यांनी ही पद्धत विकसित केली. त्यासाठी त्यांना १९७३ चे नोबेल मिळाले. एका उद्योगाने एक रुपयाचा माल बनवताना दुसऱ्या कोणत्या उद्योगांकडून किती रुपयांचा माल घेतला, याचा हा तक्ता असतो. भारतातही सरकारी सांख्यिकी यंत्रणा अशा सारण्या प्रसिद्ध करते.

उदाहरण म्हणून वालीवमधला पिशव्या बनवणारा एक गाळा घ्या. तो बंद झाला, तर यंत्र चालवणाऱ्या कामगाराचा पगार जातो, हा प्रत्यक्ष परिणाम. दाणा पुरवणारा व्यापारी, छपाईवाला, टेम्पोचालक यांचे काम घटते, हा अप्रत्यक्ष परिणाम. या सगळ्यांनी खर्चाला हात आखडता घेतल्यावर शेजारच्या किराणा दुकानाची विक्री कमी होते, हा त्यातून निर्माण होणारा तिसरा परिणाम. दुसऱ्या बाजूला कापडी पिशव्या शिवणाऱ्या बचत गटांना, कागदी पिशव्या बनवणाऱ्यांना काम मिळते. प्रश्न असतो तो निव्वळ बेरजेचा, आणि त्याहून अवघड म्हणजे वाटणीचा. रोजगार जाणारे आणि रोजगार मिळणारे लोक बहुधा वेगळे असतात. एकूण बेरीज शून्य आली तरी गाळ्यातल्या कामगारासाठी ती शून्य नसते.

ग्राहक आणि विक्रेत्याचा हिशेबही यात येतो. समजा, पातळ पिशवी ५० पैशांना आणि कापडी पिशवी १५ रुपयांना पडते. मग कापडी पिशवी ३० वेळा वापरल्यावर खर्च सारखा होतो. पण पातळ पिशवीचे पैसे भाजीवाली देते आणि कापडी पिशवीचे ग्राहकाने द्यावेत अशी अपेक्षा असते. ग्राहकाने पिशवी आणली नाही तर विक्री जाते, पिशवी दिली तर दंडाची भीती. राज्याच्या नियमानुसार पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. धोरणाचा भार कुणाच्या डोक्यावर पडतो, हे चांगल्या प्रारूपाने दाखवले पाहिजे.

भारतात असा हिशेब मांडून निर्णय झाला आहे का?

झाला आहे. एकदाच वापरायच्या प्लास्टिकसाठी केंद्राच्या रसायन व पेट्रोकेमिकल विभागाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने प्रत्येक वस्तूला दोन बाजूंनी गुण दिले. एका बाजूला तिची उपयुक्तता : स्वच्छता, सुरक्षितता, गरज, रोजगारावरील परिणाम. दुसऱ्या बाजूला पर्यावरणीय हानी : वस्तू गोळा करता येते का, पुनर्वापर होतो का, ती उघड्यावर पडण्याची शक्यता किती, पर्यायाचा भार किती. उपयोग कमी आणि हानी जास्त असलेल्या वस्तू बंदीसाठी पुढे आल्या. १ जुलै २०२२ च्या यादीत स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे-ताटल्या, फुग्यांच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल दिसते ते त्यामुळे. सिगारेटचे फिल्टर मात्र या यादीत नाहीत. गुणांकन सरकारला दिशा देते, अंतिम निर्णय राजकीय आणि प्रशासकीयच असतो.

पिशवी जाड करून काय साधले?

पिशवीची किमान जाडी ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ मायक्रॉन आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. त्याच आकाराच्या ५० मायक्रॉनच्या पिशवीपेक्षा १२० मायक्रॉनच्या पिशवीत २.४ पट प्लास्टिक असते. हा निर्णय उफराटा वाटू शकतो, पण त्यामागे तर्क आहे. जाड पिशवी महाग असल्याने दुकानदार फुकट वाटत नाही, ग्राहक ती पुन्हा वापरतो आणि कचरावेचकाला ती उचलणे परवडते. भंगारात तिला वजन असते. मात्र ती दोन-तीनदाही न वापरता फेकली, तर प्लास्टिकचा वापर आधीपेक्षा वाढतो. निर्णयाचे यश पिशवी किती वेळा वापरली जाते, या एका आकड्यावर अवलंबून आहे.

कंपोस्टेबल पिशवीचेही तसेच. अशा वस्तूंना महाराष्ट्राने २०२२ च्या अखेरीस सवलत दिली. पण त्या कुजण्यासाठी ठरावीक तापमान आणि ओलावा असलेला प्रकल्प लागतो. त्या मिश्र कचऱ्यातून कचराभूमीवर गेल्या, तर कागदावरचा फायदा प्रत्यक्षात मिळत नाही.

वसई-विरारसाठी काय करता येईल?

२०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाख २२ हजार ३९० होती. तेव्हापासून शहर झपाट्याने वाढले आहे. एवढ्या शहरासाठी परदेशी आकडे जसेच्या तसे उचलणे धोक्याचे. त्यासाठी लागणारी बरीचशी माहिती गोळा करणे अवघड नाही. बाजारात एक पिशवी सरासरी किती वेळा वापरली जाते, नालेसफाईत निघणाऱ्या गाळात प्लास्टिक किती, गोखिवऱ्याच्या कचराभूमीवर जाणाऱ्या कचऱ्यात पिशव्यांचे प्रमाण किती, औद्योगिक वसाहतींतल्या किती गाळ्यांचा व्यवसाय याच मालावर अवलंबून आहे आणि त्यांतले किती दुसऱ्या उत्पादनाकडे वळू शकतात, अशा चार-पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली तर स्थानिक हिशेब उभा राहतो. त्यात राज्याबाहेरून येणारा मालही धरावा लागेल. पालघर जिल्ह्याची सीमा गुजरातला लागून आहे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग शहराच्या पूर्वेकडून जातो. इथला गाळा बंद होऊन तीच पिशवी बाहेरून येत राहिली, तर रोजगार जातो आणि नाला तुंबायचा तो तुंबतोच.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

घरात असलेली पिशवीच सर्वात पर्यावरणपूरक, मग ती कापडाची असो, नॉन-वोव्हन असो की जाड प्लास्टिकची. नवी ‘इको-फ्रेंडली’ पिशवी घेण्याआधी जुनीच बाजाराला न्यावी. सुती पिशवी घेतलीच, तर ती किमान दीडशे वेळा वापरायची तयारी ठेवावी. प्रारूप कितीही बारकाईने बनवले तरी त्यातला सर्वात मोठा आकडा, म्हणजे पिशवीचा पुनर्वापर, घरातून निघताना ती हातात घेतली की नाही यावर ठरतो.