बारा कोपरे, किती राखणदार?

वहीत एक वेडंवाकडं घर काढा बरं. कसंही चालेल, फक्त भिंती सरळ हव्यात, मध्ये खांब नको आणि कोपरे मोजून १२. हे झालं आपलं चित्रसंग्रहालय. आता चोर येणार! राखणदार किती ठेवाल? त्यांनी जागचं हलायचं नाही, मान मात्र चौफेर फिरवायची.

१९७३ मध्ये व्हिक्टर क्ली या गणितज्ञाने वात्स्लाफ ख्वाताल या दुसऱ्या गणितज्ञाला असंच कोडं घातलं. ख्वातालने ते सोडवलं: कोपऱ्यांना ३ ने भागा, बाकी सोडून द्या. म्हणजे आपल्याला चार राखणदार पुरतात, घर कितीही वाकडं असो! पण त्याची सिद्धता स्टीव्ह फिस्कला काही आवडेना. मग अफगाणिस्तानात बसमध्ये पेंगता पेंगता त्याला एक युक्ती सुचली. (वर्गात पेंगणाऱ्यांनी हे बाईंना सांगू नये.)

कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघा मारून घराचे त्रिकोण पाडा. रेघ घराबाहेर जायला नको, दुसरीला छेदायलाही नको. एका त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर लाल, पिवळा, निळा ठिपका द्या. शेजारच्या त्रिकोणाचे दोन कोपरे आधीच रंगलेत, तिसऱ्याला उरलेला रंग. असं करत अख्खं घर रंगतं, कुठेच अडत नाही.

आता मोजा. ठिपके १२, रंग ३; म्हणजे एखादा रंग तरी चारदा किंवा त्याहून कमी वेळाच आला असणार. त्याच रंगाच्या ठिपक्यांवर राखणदार उभे करा. प्रत्येक त्रिकोणाला त्या रंगाचा एक कोपरा आहेच, आणि त्रिकोणात लपायला आडोसा कुठला?

चार लागतातच असं मात्र नाही. अधिकच्या चिन्हासारखं घर काढा. कोपरे १२च, पण मधोमध एकटा उभा राहिला की झालं. उलट लांब, टोकदार अशा चार दात्यांची फणी काढा. तिचेही कोपरे १२, पण तिथे दर दात्याला वेगळा राखणदार हवाच.

आकारांची असली कामं संगणकाकडून करून घेण्याला संगणकीय भूमिती म्हणतात. त्रिकोण पाडणं संगणकाच्या डाव्या हातचा मळ. गेममधल्या गाड्या नि माणसं बहुतेक त्रिकोणांचीच बनलेली असतात. पण 'या इमारतीला कमीत कमी किती कॅमेरे लागतील, अगदी नेमकं सांग' म्हटलं, की कोपरे वाढतील तसा त्याला घाम फुटतो. कुठल्याही आकाराला हे झटपट सांगणारी रीत अजून कुणालाच सापडलेली नाही.