'क'चा पहिला धडा

मूल चार वर्षांचें होतें न होतें, तोंच घरांतील वडील मंडळी त्याचा हात धरून पाटीवर 'क' काढवून घेतात. अक्षर उमटतें, गोडी मात्र लागत नाहीं.

ताराबाई मोडक यांनीं बोर्डी येथें १९४५ सालीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें, तेव्हां महाग साधनांऐवजीं शिंपले, खडे, बिया, पानें हींच शिक्षणाचीं साधनें केलीं. शिरूर तालुक्यांतील कवठे येमाईच्या मुलाला तर 'क' गांवाच्या नांवांतच सांपडतो! त्याला प्रथम कवठ हुंगूं द्यावें, कणसाचे दाणे काढूं द्यावे, कावळ्याचा आवाज काढूं द्यावा. ध्वनि कानांत ठसला, कीं परातींत बारीक माती पसरून त्याला बोटानें 'क' गिरवूं द्यावा. आपलीं जुनीं धुळाक्षरें तीं हींच. पाटी त्यानंतर.

घाईनें हात लौकर वळतो, पण मन विटतें. आणि विटलेलें मन पुढें पुस्तकाकडे वळविणें फार कठीण!