तारापूरचं कवच आणि लेव्हनबर्गची पायरी

सगळं संगणकावर कळतं, तर खरं काँक्रीट ओतून त्याला तडे कशाला पाडायचे? याचं उत्तर पालघरकरांच्या घराजवळच आहे. तारापूरच्या तीन आणि चार नंबरच्या अणुभट्ट्या ५४० मेगावॅटच्या. चार नंबरची आधी, २००५ साली व्यावसायिक उत्पादनात आली, तीन नंबरची २००६ मध्ये. त्यांच्या आतल्या पूर्वताणित काँक्रीटच्या कवचाची एक-चतुर्थांश मापाची प्रतिकृती भाभा अणुसंशोधन केंद्राने तारापुरातच उभारली. तिचं नाव ‘बारकॉम’. स्टीम जनरेटरची भोकं, एअरलॉक, ताणलेल्या केबली, सगळं प्रमाणात. हजारावर सेन्सर बसवून आत दाब चढवत नेला. संकल्पित दाब होता ०.१४१३ मेगापास्कल.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती ही, की देशोदेशीच्या अभ्यासगटांकडून चाचणीआधीच अंदाज मागवले होते. उत्तर हाती नसताना आकडे जुळवून घेता येत नाहीत.

कारण जुळवणं फार सोपं असतं. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या साधारण एक-दशांश. तडा गेला तरी ती झटक्यात संपत नाही, ओसरत जाते. ओसरताना किती ऊर्जा खर्ची पडते, हा भंगऊर्जेचा आकडा हिलरबोर्ग यांनी १९७६ मध्ये गणितात आणला. तो नमुन्यांच्या चाचण्यांशी संगणकावरचं प्रतिमान जुळवूनही काढतात, आणि गफलत होते ती इथे. ताकद ओसरू लागली की आलेखाचा उतार उलटतो, समीकरणं सोडवणारी न्यूटनची पद्धत अडखळते आणि सॉल्व्हर, म्हणजे गणित सोडवणारा प्रोग्राम, थांबतो. मग टॉलरन्स, म्हणजे किती चूक चालवून घ्यायची ती मर्यादा, सैल केला जातो. गणित पार पडतं, पण बलांचा ताळमेळ अर्धवट राहतो. पुढे भंगऊर्जेचा आकडा दशलक्षांशाने हलवून पुन्हा गणित करायचं आणि दोन उत्तरांतल्या फरकावरून उतार काढून जुळवणीची पुढची दिशा ठरवायची, असा रिवाज. पण शिल्लक बल अर्ध्या टक्क्यापर्यंत चालवून घेतलं असेल, तर तो फरक काँक्रीटचा नसतोच, सॉल्व्हरचा असतो! त्याच्या जोरावर निघालेली भंगऊर्जा दोन दशांश स्थळांपर्यंत छापली तरी खरी होत नाही.

दिशा ठरवण्याची सर्वांत लाडकी रीत लेव्हनबर्ग-मार्क्वार्ट यांची. केनेथ लेव्हनबर्ग यांनी ती १९४४ मध्ये, फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारात काम करताना मांडली. दखल फारशी कुणी घेतली नाही. ड्यूपाँटमधल्या डोनाल्ड मार्क्वार्ट यांना १९६३ मध्ये तीच कल्पना स्वतंत्रपणे सुचली, तेव्हा कुठे ती रुळली. पावसाळी धुक्यात जव्हारचा घाट उतरणारा ड्रायव्हर वळण दिसेनासं झालं की वेग उतरवतो आणि रस्ता मोकळा झाला की गाडी सोडतो. लेव्हनबर्गांची पायरीही तशीच आखडते नि लांबते. किती सुंदर कल्पना! पण उतारच खोटा मिळाला, तर तीही वाट चुकवते.

म्हणून आधी टॉलरन्स आवळायचा, भाराची पायरी निम्मी करून उत्तर हलतं का ते पाहायचं, प्रतिमानाची जाळी बारीक करायची, भंगऊर्जेचा आकडा शेकडा एकाने हलवून उतार तपासायचा, जुळवाजुळव त्यानंतर. प्रबंधांत काँक्रीटची ताकद ठळक छापतात. तिच्या शेजारी टॉलरन्स आणि भाराची पायरीही छापली जावी, असं मला मनापासून वाटतं.