कोणतं जनुक बिघडलंय?

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर तिन्हीसांजेला होड्यांचे दोर ओलांडताना एखादा तरुण रोज अडखळू लागला, की घरचे गाजर खायला सांगतात. ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याने येणारा रातांधळेपणा औषधाने सुधारतो. रेटिनिटिस पिग्मेंटोसा या आजाराचं तसं नाही. यात जनुकातल्या दोषामुळे दृष्टिपटलातल्या, मंद उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी आधी मरतात. मग नजरेच्या कडा आत सरकत जातात, नळीतून पाहावं तसं दिसू लागतं आणि पुढे भरपूर उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशीही जातात.

जगात सुमारे ४,००० जणांत एकाला हा आजार असतो. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या माणसांची पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २०१२ साली आला: साधारण ७५० जणांत एक! आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न होतं. आई-बाप दोघांकडून तेच सदोष जनुक मुलाकडे येण्याची शक्यता अशा नात्यांत वाढते.

डिसेंबर २०१७मध्ये अमेरिकेत ‘लक्सटर्ना’ या जनुकोपचाराला मान्यता मिळाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत आरपीई६५ या जनुकाची निर्दोष प्रत दृष्टिपटलाखाली सोडतात. दोन्ही डोळ्यांसाठी किंमत होती साडेआठ लाख डॉलर. तेवढे पैसे उभे केले, तरी दोष याच जनुकात असायला हवा आणि पेशी जिवंत असायला हव्यात. या आजारामागे ८०हून अधिक जनुकं असू शकतात. म्हणूनच मला जनुकीय चाचणी सर्वांत निकडीची वाटते. उद्या आपल्या जनुकावर औषध आलं, तर ते आपल्यासाठी आहे हे कळणार कसं?

पेशी मेल्यावरही एक वाट दिसते आहे. २०२१मध्ये ५८ वर्षांच्या एका अंध रुग्णाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेवाळातल्या प्रकाशग्राही प्रथिनाचं जनुक त्याच्या दृष्टिपटलात उरलेल्या चेतापेशींत घातलं होतं. खास चष्मा लावून तो टेबलावरच्या वस्तू शोधू, मोजू शकला. चेहरे मात्र ओळखू शकला नाही.

‘स्टेम सेल’ची इंजेक्शनं विकणाऱ्यांपासून दूर राहा. रक्ताच्या ठरावीक विकारांखेरीज हा प्रमाणित उपचार नाही, असं २०१७ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात.

‘इलाज नाही’ हे ऐकून अनेक जण डोळे तपासणंच सोडतात, याचं फार वाईट वाटतं. या आजारात मोतीबिंदू लवकर होतो, दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते. या दोन्हींवर आजही उपचार होतात. तपासायला जाताना भावंडांनाही सोबत न्या.