सुज्ञांची संस्था, अविवेकी निर्णय

ज्या संस्थेत विद्वान, अनुभवी आणि कर्तव्यदक्ष माणसे शेकड्यांनी एकत्र आलेली असतात, तिचा निर्णय एकट्यादुकट्या माणसाच्या निर्णयाहून अधिक शहाणपणाचा असावा, अशी आपली स्वाभाविक अपेक्षा असते. परंतु २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांत भंगले व सात अंतराळवीर प्राणांस मुकले, तेव्हा या अपेक्षेचा फोलपणा साऱ्या जगाला दिसून आला.

यानाच्या घनइंधन अग्निबाणांच्या सांध्यांतून तप्त वायू निसटू नये म्हणून तेथे रबरी कडी बसविलेली असत. थंडीने रबर ताठरते व सांधा वेळीच बुजवू शकत नाही, असा धोका अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे अभियंते रॉजर बॉइसजोली यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी कळविला होता. उड्डाणाच्या वेळी कडाक्याची थंडी असणार असे दिसल्याने आदल्या रात्री दूरध्वनीवरून मसलत झाली, तेव्हा सुमारे १२ अंश सेल्सिअसखाली उड्डाण करू नये, अशी शिफारस कंपनीने केलीही. पण नासाच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दर्शविताच कंपनीने थोडी सवड मागून घेतली, अभियंत्यांना बाजूला ठेवले, आणि चार वरिष्ठांनी ती शिफारस फिरविली. उड्डाणस्थळी, म्हणजे केनेडी अंतराळ केंद्रावर, असलेले कंपनीचे प्रतिनिधी ॲलन मॅकडोनाल्ड यांनी मंजुरीच्या कागदावर सही करण्यास साफ नकार दिला. ती सही मग दुसऱ्या अधिकाऱ्याने केली.

या प्रकरणाचे दप्तर वर्षानुवर्षे अभ्यासून समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी १९९६ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्याचा निष्कर्ष असा की, नियम मोडले गेल्यामुळे नव्हे, तर रीतसर कारभार चालू असतानाच हा अनर्थ घडला. कडी झिजल्याचे या यान-मालिकेच्या १९८१ मधील दुसऱ्याच उड्डाणात आढळले होते. तथापि यान दर वेळी सुखरूप परतल्यामुळे जो दोष मूळ आराखड्यानुसार संभवतच नव्हता, तो हळूहळू ‘स्वीकार्य’ या शेऱ्याखाली कायम झाला. मनुष्याची विवेकशक्ती हाती असलेल्या माहितीने आणि वेळेने मर्यादित असते, हे अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट सायमन यांनी प्रतिपादिले होते. मोठ्या संस्थेत तर कामाची वाटणी अशी असते की प्रत्येकाला प्रश्नाचा एकच तुकडा दिसतो, आणि कागद एकेक पायरी वर चढताना त्यावरील शंका झडत जातात. चौकशी आयोगाचे सदस्य रिचर्ड फाइनमन यांना याचा दाखलाच मिळाला : अपघाताची शक्यता अभियंते शंभरात एक मानीत, तर वरिष्ठ लाखात एक. शिवाय त्या रात्री पुराव्याची जबाबदारीच उलटली होती. यान सुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याऐवजी ते असुरक्षित असल्याचे सिद्ध करण्याचे ओझे अभियंत्यांवर येऊन पडले.

१ फेब्रुवारी २००३ रोजी कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी ‘कोलंबिया’ यानासह नष्ट झाले, तेव्हाही इंधनटाकीवरील उष्णतारोधक फेसाचे तुकडे यानावर आदळणे ही नित्याची बाब ठरलेली होती, आणि कक्षेतील यानाची छायाचित्रे घेण्याची अभियंत्यांची मागणी तडीस गेली नव्हती.

म्हणून संस्थेचा विवेक तिच्यातील माणसांच्या हुशारीवर सोपवून भागत नाही. तो कारभाराच्या रीतीतच घालावा लागतो. ‘पुढे चला’ म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा, आणि शंका घेणाऱ्याचा शेरा, त्याचा हुद्दा कितीही लहान असो, त्याच्याच शब्दांत शेवटच्या सहीपर्यंत पोचावा. एवढी शिस्त ज्या संस्थेत नाही, तिच्या नियमांच्या जाडजूड पोथ्यांवर विश्वासून कोणाचाही जीव पणाला लावता कामा नये.