टप उघडला की आवाज कुठे जातो?

टप उघडणाऱ्या मोटारीत, म्हणजे कन्व्हर्टिबलमध्ये, स्टिरिओचा आवाज दोन बाजूंनी मार खातो. टप बंद असताना गाडी स्वतःच स्पीकरला मदत करत असते. टप उघडला की ती मदत थांबते. त्याच वेळी वारा आत शिरतो आणि उरलेला आवाज झाकून टाकतो.

गाडीची मदत मुख्यतः बासला होते. सेकंदाला ५० कंपने असलेल्या आवाजाची लहर जवळपास ७ मीटर लांब असते. गाडीत ती मावतच नाही. वूफरचा पडदा पुढे आला की बंद गाडीतली सगळी हवा एकदम दाबली जाते, मागे गेला की सैल पडते. साधारण ६० कंपनांच्या खाली हा फायदा दर सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत वाढत जातो. टप उघडल्यावर हवा दाबून धरायला काही उरत नाही. गाण्यातल्या तबल्याची चाट तेवढी ऐकू येते, डग्ग्याचा घुमारा हरवतो.

वाऱ्याचे गणित याहून कडक आहे. गाडीवर आपटणाऱ्या हवेच्या भोवऱ्यांतून उठणाऱ्या आवाजाची ताकद वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. वेग ताशी ५० किलोमीटरवरून १०० वर गेला की हा आवाज सुमारे १८ डेसिबलने चढतो. त्यात खालच्या कंपनांचा भरणा जास्त असतो. म्हणजे जो बास आधीच दुबळा झाला, त्याच्यावरच वारा चालून येतो. महामार्गाच्या वेगाला उघड्या गाडीत गाणे लावण्याआधीच कानापाशी ८५ ते ९० डेसिबलपर्यंत आवाज असू शकतो.

यावर उपाय म्हणून जास्त वॅटचा स्टिरिओ शोधला जातो, आणि तिथेच खोक्यावर छापलेला ‘४ × ५० वॅट’ हा आकडा दिशाभूल करतो. इंजिन चालू असताना गाडीतल्या विजेचा दाब १४.४ व्होल्टच्या आसपास असतो, स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम. एवढ्या दाबावर डॅशबोर्डमधला स्टिरिओ एका स्पीकरला फार तर २६ वॅट स्वच्छ ताकद देऊ शकतो; प्रत्यक्षात २० च्या आसपासच मिळते. त्यापुढे आवाज वाढवला तर तो फाटतो: लहरींचे माथे कापले जातात आणि नाजूक ट्वीटर जळण्याची वेळ येते. वेगळा अँप्लिफायर बॅटरीचा दाब आधी चढवून घेतो, म्हणून तो ही मर्यादा ओलांडतो. पण ताकद दुप्पट केली तरी हाती ३ डेसिबलच लागतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट ताकद: २० वॅटचे २००.

त्यापेक्षा अंतर कमी करणे कितीतरी स्वस्त पडते. उघड्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. दारातला स्पीकर कानापासून ८० सेंटिमीटरवर असेल आणि त्याऐवजी सीटच्या डोके टेकायच्या उशीत, २० सेंटिमीटरवर, तसाच स्पीकर बसवला तर १२ डेसिबल पदरात पडतात. अँप्लिफायरकडून एवढे हवे असतील तर ताकद सोळापट करावी लागेल. माझदा एमएक्स-५ मध्ये उशीतले स्पीकर मिळतात ते याचसाठी. जीप रँगलरमध्ये ते डोक्यावरच्या आडव्या दांड्यात असतात.

एवढ्या लहान स्पीकरला बास मात्र झेपत नाही. त्यासाठी सीटखाली बंद खोक्यातला वूफर लागतो. मर्सिडीझने २०१२ च्या एसएलमध्ये तो पायांपुढच्या पोकळीत बसवला. दारातच वूफर ठेवायचा असेल तर पत्र्यावरची भोके बुजवणे सर्वांत आधी. ती उघडी राहिली तर पडद्याच्या मागून निघालेली लहर पुढच्या लहरीला भेटून तिलाच खोडते. ती बुजवायला दाराला ब्यूटाइल रबराचे तक्ते चिकटवण्याचे काम कष्टाचे आणि न दिसणारे आहे, पण उघड्या गाडीत महागड्या स्पीकरपेक्षा ते जास्त कामी येते.

अखेरची मर्यादा कानाची. ८५ डेसिबल दिवसाला ८ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, हा प्रचलित सुरक्षा-निकष आहे. ८८ डेसिबलच्या वाऱ्यावर गाणे ९७ पर्यंत चढवले तर अर्ध्या तासात दिवसभराचा वाटा संपतो. म्हणून गाणे चढवण्याआधी वारा उतरवणे शहाणपणाचे. बाजूच्या काचा वर घेतल्या आणि सीटमागे वारा अडवणारी जाळी लावली की कानाजवळचे भोवरे कमी होतात. वेग ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर ठेवला तर वाऱ्याचा आवाज जवळपास ६ डेसिबलने उतरतो. तेवढाच फरक अँप्लिफायरने पाडायचा तर त्याची ताकद चौपट लागते.