जत्रेतलं काळं तेल आणि पंपाचं डिझेल : घराच्या कोपऱ्यात जमेल का?



पौष पौर्णिमेची म्हसाची जत्रा आठवा. बैलबाजार उठतो, पाल निघतात, आणि भजी-जिलेबीच्या कढयांमागे काळ्या तेलाचे डबे राहतात. बरंचसं तेल ओढ्यात जातं. ते बघून सभासद विचारतात, "याचं डिझेल होतं म्हणे. घरामागच्या थोड्या जागेत करता येईल का?"

होतं. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पण करायचं कुठे आणि कुणी, ते नीट समजून घ्या.

*काम काय असतं?*
खाद्यतेल घट्ट असतं. त्यात मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोडा मिसळला की तेल फुटतं. वर पातळ बायोडिझेल, खाली तपकिरी ग्लिसरीन. अंदाज असा: 10 लिटर तेलाला 2 लिटर मेथॅनॉल. कॉस्टिक चांगल्या तेलाला लिटरमागे साडेतीन ग्रॅम, तळलेल्या तेलाला जास्त. तेल 55 अंशांपर्यंत कोमट, तासभर ढवळणं, रात्रभर निवळणं. मग ग्लिसरीन काढून पाण्याने दोन-तीनदा धुणं आणि पाणी पूर्ण उडवणं. हाती साधारण 9 लिटरच्या पुढे इंधन येतं.

*जागा किती?*
दहा फूट बाय आठ फूट पुरते. चार भांडी: तेल निवळायचा ड्रम, ढवळायची टाकी, धुवायची टाकी, भरून ठेवायचा कॅन. भांडी स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची. *अॅल्युमिनियमचं पातेलं आणि जस्ताची बादली अजिबात नको,* कॉस्टिक ती खातं आणि पेट घेणारा वायू सुटतो.

पण जागा लहान म्हणून पडवीत किंवा माळ्यावर मांडू नका. चूल, गोठा आणि पेंढ्याची उडवी यांच्यापासून लांब, दोन बाजूंनी उघडं खोपटं हवं. मेथॅनॉलची वाफ थंडीतही पेट घेते आणि त्याची ज्योत उन्हात दिसतसुद्धा नाही. तेल आधी वेगळ्या जागी तापवा. मेथॅनॉलचा कॅन उघडला की जवळ विडी, चूल, गॅस काहीही नको.

*सगळ्यात मोठा धोका* ⚠️
मेथॅनॉलला दारूसारखा वास येतो, पण ते विष आहे. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मेथॅनॉलची दारू पिऊन शंभरहून जास्त माणसं गेली. वाचलेल्यांचे डोळे जाऊ शकतात. म्हणून ते पाण्याच्या किंवा दारूच्या बाटलीत कधीही भरू नका. कॅनवर मोठ्या अक्षरात "विष" लिहा, कुलूप लावा. विक्री-साठ्याला परवान्याचे नियम आहेत. चौकशी केल्याशिवाय ड्रम आणू नका.
🔸 हातमोजे आणि चष्मा घाला. वाफ अंगावर घेऊ नका, साधा रुमाल ती अडवत नाही.
🔸 कॉस्टिक डोळ्यात किंवा अंगावर उडालं तर पंधरा मिनिटं पाणी ओता.
🔸 कुणी चुकून प्यालं तर त्रास व्हायची वाट बघू नका, लगेच 108 ला फोन करा.

*तेल परवडेल का?*
घरातलं उरलेलं तेल महिन्याला फारसं नसतं. ते जत्रेतून किंवा हायवेच्या ढाब्यांवरून आणावं लागेल. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांनी वापरलेल्या तेलाची नोंद ठेवून ते मान्यताप्राप्त गोळा करणाऱ्यांनाच द्यायचं, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. म्हणजे आपल्या वाट्याला लहान टपऱ्या. तेल फुकट मिळालं तरी मेथॅनॉल, कॉस्टिक आणि दिवसभराची मजुरी मोजा, मग पंपावरच्या डिझेलच्या भावाशी ताडून बघा.

तेल आधी तपासा. चमचाभर तापवा. तडतडलं तर पाणी आहे. मग आंबटपणा. लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिक विरघळवा. 1 मिली तेल 10 मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून चिमूटभर हळद टाका. कॉस्टिकचं पाणी सिरिंजने थेंबथेंब सोडा. पिवळा रंग तांबडा होऊन टिकला की थांबा. जितके मिली लागले, तितके ग्रॅम कॉस्टिक लिटरमागे जादा. पाच-सहाच्या वर गेलं तर ते तेल सोडा, डिझेलऐवजी साबणच होईल.

करंजेलाचंही तसंच. आपल्याकडे ओढ्याकाठी करंज भरपूर, पण त्याच्या तेलात आंबटपणा जास्त असतो, घरी जमणारं काम नाही. करंजाची पेंड मात्र खत म्हणून शेतात घाला. मोगली एरंडाचं स्वप्न 2003 नंतर गावोगाव दाखवलं गेलं, बी मात्र सांगितलं तेवढं आलं नाही. ऐकीव भरवशावर पैसा घालू नका.

*इंजिनात घालताना*
सुरुवात चार भाग डिझेल, एक भाग बायोडिझेल अशी करा. टाकीतली जुनी घाण सुटून फिल्टर तुंबतो, एक फिल्टर जवळ ठेवा. रबरी नळ्या मऊ पडतात, तपासत राहा. पामतेलापासून केलेलं इंधन थंडीच्या सकाळी गोठू शकतं. तीन-चार महिन्यांत संपवा. हे फक्त स्वतःच्या पंपासाठी. विकायचं तर परवानगी लागते. ग्लिसरीन आणि धुण्याचं पाणी जनावरांच्या तोंडी, ओढ्यात, विहिरीकाठी जाऊ देऊ नका.

*मग करायचं काय?*
घरोघरी नको. दहा घरांनी मिळून वस्तीबाहेर एकच खोपटं, दोन शिकलेली माणसं, एकच कुलूप. आत्ता ड्रम घेऊ नका. या हंगामात फक्त तेल गोळा करा, गाळा, तपासा आणि वहीत लिहा: किती मिळालं, किती चांगलं निघालं. वही भरली की गटाच्या बैठकीत ठेवा. हिशोब जमला तर पुढचं पाऊल, नाहीतर निदान ओढा तरी स्वच्छ राहील.

हा संदेश गटातल्या मंडळींना पुढे पाठवा. 🌾